एकोणीस रात्री आणि एक ट्रक : घर बदलतानाच्या तात्पुरत्या विम्याचं एक प्रकरण

जुन्या घराची किल्ली शुक्रवारी दुपारी १२ वाजता नव्या मालकाला द्यायची आणि आपल्या नव्या घराची त्याच संध्याकाळी घ्यायची, असा माझ्या मैत्रिणीचा बेत होता. आठ दिवस आधी कळलं की नव्या घराचं काम अडलंय, ताबा ठरल्यापेक्षा १९ रात्रींनी उशिरा मिळेल. जुन्या घराची तारीख मात्र हलणार नव्हती. तिने मला फोन केला तो रिकामे खोके कुठे मिळतील हे विचारायला. बोलता बोलता म्हणाली, "सामानाचा विमा आहेच आमचा. अजून चार महिने आहेत."

मी बरीच वर्षं विमा दाव्यांच्या टेबलावर बसले आहे, आणि तेही कागद तपासणाऱ्यांच्या बाजूला. "विमा आहेच आमचा" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याच्यामागून येणारा "पण" मला आधीच दिसतो. तिला म्हटलं, खोक्यांचं नंतर बघू, आधी पॉलिसी पाठव.

पुढे जे घडलं ते तिला विचारूनच लिहिते आहे, माझ्या दोन चुकांसकट. रकमा त्यांच्या घरच्या आहेत, त्या इथे नकोत. सर्व्हेअरने, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या माणसाने, शेवटी त्यांच्या गोदामात ठेवलेल्या सामानाची जी एकूण किंमत काढली तिला मी १०० धरते, बाकीचे आकडे त्याच मापाने.

पत्त्याला बांधलेला कागद

पॉलिसीच्या दुसऱ्या पानावर नेहमीचं वाक्य होतं : सामान "विमा उतरवलेल्या पत्त्यावर असताना". घरातल्या सामानाच्या विम्याचा सगळा हिशेब पत्त्यावर चालतो. इमारत कशी आहे, कुलूप कसलं, घरात माणसं राहतात की नाही, यावरून कंपनी धोका मोजते आणि प्रीमियम ठरवते. तेच सामान दाराबाहेर पडलं की हा हिशेब मोडतो. कपाट तुमचंच असतं, पण कंपनीने ज्या धोक्याचे पैसे घेतले तो धोका मागे राहिलेला असतो.

याला एक पळवाट असते, ती त्यांच्याही पॉलिसीत होती. थोडं सामान थोड्या काळासाठी दुसरीकडे हलवलं तर विमा त्याच्यामागे जातो. त्यांच्या बाबतीत ही सवलत विमा रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंत आणि ३० दिवसांपर्यंत होती. पुढच्या ओळीत मात्र अट होती : सामान माणसं राहत असलेल्या घरातच हवं, भाड्याच्या गोदामात नाही. त्यांचं निम्म्याहून जास्त सामान गोदामातच जाणार होतं.

तिच्या नवऱ्याचं म्हणणं, एवढं कशाला, सामान नेणारी कंपनी विमा देतेच की. त्यांच्या अंदाजपत्रकावर ठळक अक्षरांत "विम्यासह" असं छापलेलं होतं खरं. मी त्याला कागद उलटा करायला सांगितला. मागच्या बाजूला फिकट अक्षरांत अटी होत्या. नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी वस्तूच्या वजनावरून ठरणार, किमतीवरून नाही. म्हणजे लॅपटॉपपेक्षा लोखंडी पलंग मोलाचा! शिवाय तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातल्या तुटफुटीची जबाबदारी नाही. याला विमा म्हणत नाहीत. "आमची चूक सिद्ध झाली तर एवढ्यापर्यंत देऊ" असं ते वचन होतं. विमा कंपनी चूक कोणाची हे न बघता पैसे देते, हा मोठा फरक आहे.

घरसामानाची वाहतूक हा कायद्यातही जरा पोरका विषय आहे. रस्त्याने आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा १९५६ चा जिनिव्हा करार आहे. त्याच्या पहिल्याच कलमात तो कशाला लागू नाही ते सांगितलंय : टपाल, पार्थिव आणि घराचं फर्निचर. या तिघांना एका ओळीत बसवणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे. मी तो करार पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ हसत होते.

रात्रींचा तक्ता

अशा वेळी मी लोकांना एकच काम सांगते. कुठली पॉलिसी घ्यायची हे नंतर, आधी कागदावर उभ्या रांगेत रात्री लिहा आणि आडव्या रांगेत सामानाचे गट. प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी लिहायच्या : त्या रात्री ते सामान कोणत्या छपराखाली आहे, आणि त्याची जबाबदारी कोणत्या कागदावर आहे. दिवसांपेक्षा रात्री मोजायचं कारण असं की दिवसा कोणीतरी सामानापाशी असतं. रात्री ते एकटं असतं, आणि विम्याच्या बऱ्याच अटी सामान एकटं असतानाच्याच आहेत.

त्यांचे चार गट पडले. पलंग, कपाटं, गाद्या, पुस्तकं, भांडी, फ्रिज असा मोठा भाग गोदामात. सासूबाईंचं शिलाई मशीन आणि मोठा कॉम्प्युटर दिराकडे, कारण सासूबाई मशीन गोदामात ठेवायला तयारच नव्हत्या. रोजचे कपडे, लॅपटॉप, दागिने आणि कागदपत्रं त्यांच्यासोबत, १९ रात्रींपुरत्या घेतलेल्या भाड्याच्या घरात. चौथा गट म्हणजे जुन्या घराच्या गॅरेजमधलं एक लोखंडी कपाट आणि काही हत्यारं. नवा मालक भला माणूस होता. म्हणाला, "राहू द्या आठ दिवस, मला अडचण नाही."

दिराकडच्या सामानाला जुन्या पॉलिसीतली १५ टक्क्यांची सवलत पुरत होती. एवढंच बघून घेतलं की दुसऱ्याच्या घरातून चोरी झाली तर दार किंवा खिडकी फोडल्याची खूण लागेल. उघड्या दारातून कोणी आत येऊन मशीन उचललं तर काही मिळणार नाही. दिराला हे सांगितल्यावर त्याने मागच्या दाराची कडी दुरुस्त करून घेतली. त्या गटाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

सोबतच्या सामानासाठी जुन्या कंपनीला पत्र पाठवून पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची अधिकृत नोंद, करून घेतलं : शुक्रवारी दुपारी १२ पासून भाड्याच्या घराचा पत्ता, विसाव्या दिवसापासून नव्या घराचा. कंपनीने दोन दिवसांत केलं. पत्ता बदलण्यापेक्षा वेळ लिहून घेणं जास्त महत्त्वाचं होतं. फक्त तारीख लिहिली की ती मध्यरात्रीपासून लागू होते. मग शुक्रवारी सकाळी जुन्या घरात खोके भरत असताना काही झालं असतं तर पॉलिसी तिथून कधीच निघून गेलेली असती.

गॅरेजच्या गटावर मात्र आमचा वाद झाला. तिचं म्हणणं, घर विकलं तरी सामान आपलंच आहे ना? सामान तिचं होतं, पण जागा आता दुसऱ्याची होती. त्या घरात अजून कोणी राहायला आलेलं नव्हतं आणि आतलं फर्निचर गेलेलं होतं. रोजच्या राहण्यापुरतंही सामान नसलेलं घर बहुतेक पॉलिसी रिकामंच धरतात. मग चोरी आणि पाणीगळती यांचं संरक्षण बंद होतं.

नव्या मालकाचाही एक गैरसमज निघाला. त्याला वाटत होतं की घर घेतलं म्हणजे मैत्रिणीने इमारतीचा उतरवलेला विमा आपोआप त्याच्याकडे आला. इंग्लंडमध्ये १८८१ साली नेमक्या याच प्रश्नावर कोर्टाने निकाल दिला होता. विक्रीचा करार झाला, ताबा द्यायचा होता, आणि मधल्या काळात घराला आग लागली. विमा कंपनीने विकणाऱ्याला ३३० पौंड दिले. घेणाऱ्याने पूर्ण किंमत चुकवून ते पैसे मागितले, तर कोर्ट म्हणालं, विमा विकणाऱ्याचा होता, तुमचा नाही. मग विमा कंपनीने विकणाऱ्यावर दावा लावला : तुला घराची पूर्ण किंमत मिळाली, मग तुझं नुकसान कुठे झालं? आणि १८८३ साली ते ३३० पौंड तिने परत मिळवले. घेणाऱ्याला काही मिळालं नाही, विकणाऱ्याकडेही काही उरलं नाही. ही गोष्ट ऐकून नव्या मालकाने त्याच संध्याकाळी स्वतःचा विमा काढला आणि मैत्रिणीने गॅरेज शुक्रवारच्या आत रिकामं केलं. हत्यारं गाडीच्या डिकीत गेली, लोखंडी कपाट भंगारात.

गोदामाचे अठरा आणि मोजणीचे वीस

मोठ्या गटासाठी ३० दिवसांची वेगळी पॉलिसी घेतली. तिच्यात जुन्या घरातून गोदामात आणि गोदामातून नव्या घरात अशा दोन्ही फेऱ्या आणि मधला मुक्काम धरलेला होता. लागणार १९ रात्री, घेतले ३० दिवस. अशा पॉलिसी आपोआप वाढत नाहीत. ताबा आधीच एकदा पुढे गेला होता, तो पुन्हा जाणार नाही याची खात्री कोणालाच नव्हती.

शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, गोदामाचा पत्ता आणि खोलीचा क्रमांक लिहून घेतला. अटी वाचल्या. सामान जमिनीपासून किमान १० सेंटिमीटर उंच ठेवायचं. दमट हवा, बुरशी, कसर आणि उंदीर यांनी केलेलं नुकसान वगळलेलं. रोकड, दागिने, कागदपत्रं नाहीत. स्वतः भरलेल्या खोक्यातली तुटफूट नाही, गाडीलाच अपघात झाला तर गोष्ट वेगळी. अर्जात मागच्या ५ वर्षांतले दावे विचारले होते. चार वर्षांपूर्वी पाइप फुटल्याचा एक लहानसा दावा होता. नवरा म्हणाला, एवढासा होता, कशाला लिहायचा? मी म्हटलं, एवढासा होता म्हणूनच लिही. लपवलेला लहान दावा सापडला की मोठा दावाही अडकतो.

राहिली रक्कम. तिने पहिल्यांदा जो आकडा सांगितला तो आपल्या मापाने ४५ होता. सोफ्यावर बसून, डोळे छताकडे लावून सांगितलेला. मग आम्ही फोनवर खोलीखोलीतून फिरलो. ती दार उघडायची आणि दिसेल ते वाचायची. पडदे धरले नव्हते, दोन पलंगांखालचे कप्पे धरले नव्हते, स्वयंपाकघराचे वरचे खण तर तिने पाच वर्षांत उघडलेच नव्हते. फेरी संपली तेव्हा आकडा ८० झाला. आम्ही दोघी खूश. ८० वर पॉलिसी काढली.

ही माझी पहिली चूक. पॉलिसी नव्याच्या भावाने भरपाई देणारी होती, म्हणजे जुन्या कपाटाच्या बदल्यात आज तसं कपाट ज्या किमतीला मिळेल ती किंमत. लाकडी सामानाची किंमत मात्र तिने १२ वर्षांपूर्वी दिलेली सांगितली होती आणि मी ती तशीच मांडली. दुसरं, पुस्तकं. "पुस्तकं आहेत थोडी," म्हणाली. थोडी म्हणजे किती ते मी विचारलं नाही. एका फळीवरची पुस्तकं मोजून फळ्यांनी गुणायला दोन मिनिटं लागतात. नंतर मोजलं तर फळीला ३५, कपाटाला ५ फळ्या, कपाटं ३. म्हणजे ५२५ पुस्तकं. वीस हिश्श्यांची चूक अशी झाली.

पहिली रात्र

तक्त्यात पहिल्या रात्रीच्या चौकटीत मी लिहिलं होतं, "गोदाम". ती माझी दुसरी चूक. गोदामाच्या वाट्याला अठराच रात्री आल्या.

शुक्रवारी सामान चढवायला उशीर झाला. सोफा जिन्याच्या वळणावर अडकला, तो पाय काढून खाली आणावा लागला. गोदामाचं फाटक संध्याकाळी ६ ला बंद होत होतं. ट्रक पोहोचला ६ वाजून ४० मिनिटांनी. ६:५० ला तिचा फोन : "ते म्हणतात, गाडी रात्री त्यांच्या आवारात उभी करू, सकाळी उतरवू. चालेल ना?"

चालेल की नाही हे पॉलिसीवर होतं. वाहतुकीच्या कलमात रात्रीचा थांबा चालत होता, पण गाडी कुलूपबंद हवी आणि कुंपणाच्या आत किंवा पहाऱ्यात हवी. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीतून चोरी झाली तर भरपाई नाही. मी तिला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या : आवाराला फाटक आहे का, गाडीला कुलूप आहे का, चावी रात्री कोणाकडे असेल. उत्तरं तोंडी नकोत, मुकादमाकडून मेसेजवर घे, कुलपाचा फोटो घे, आणि ते सगळं आत्ताच विमा कंपनीला ईमेल कर. तिने ७:२५ ला ईमेल केला. त्या ईमेलचा पुढे फार उपयोग झाला, पण आम्हाला वाटला होता त्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी.

चोर आला नाही. पाऊस आला. ट्रकच्या छताचा एक सांधा पुढच्या डाव्या कोपऱ्यात गळत होता. तो कोरड्या दिवसात कोणाच्या लक्षातही आला नसता.

पावतीवरच्या चार ओळी

शनिवारी सकाळी गोदामात उतरवणी. मुकादमाने पावती पुढे केली. तळाशी छापलेलं होतं, "वरील सर्व सामान सुस्थितीत मिळाले." खाली सहीची रेघ. मागे दुसरी गाडी हॉर्न वाजवत होती. मुकादम म्हणाला, "ताई, सही करा, फाटकवाला ओरडतोय. काही निघालं तर नंतर सांगा, आम्ही कुठे जातोय?"

तिने छापलेल्या ओळीवर रेघ मारली आणि हाताने लिहिलं :

"पुस्तकांचे एक कपाट, मागची फळी फुगलेली. खोके १४, १५, १७, तळ ओले. मोठी गादी, डावी बाजू ओली. बाकी खोके न उघडता घेतले."

मग सही, तारीख, वेळ, आणि मुकादमाचीही सही. तो कुरकुरला, पण केली.

चौथी ओळ मी तिला शिकवलेली नव्हती, ती तिचीच. "न उघडता घेतले" म्हणजे खोक्यात काय निघेल त्याची जबाबदारी मी अजून स्वीकारलेली नाही. माझ्या नोकरीच्या दिवसांत हे वाक्य असलेली पावती हाती आली असती तर मी तो कागद शेजारच्या टेबलावर दाखवून आले असते. आमच्याकडे येणाऱ्या पावत्या बहुतेक छापील ओळीखालीच सह्या होऊन यायच्या, आणि मग "पण आम्ही फोनवर सांगितलं होतं" सुरू व्हायचं.

विमा असला तरी नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी तुमच्यावर असते. विमा नसता तर जसे धावला असता तसेच धावायचं. तिने तीनही खोके तिथेच उघडले, पुस्तकं भाड्याच्या घरी नेऊन पानं मोकळी करून पंख्याखाली ठेवली. ४० पुस्तकं गेली, बाकीची वाचली. गादी मात्र कामगारांनी तोपर्यंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खोलीत सारली होती. तिने त्याच दिवशी कंपनीला ईमेल केला : गादी बाहेर काढून वाळवू का? मंगळवारी उत्तर आलं, "सर्व्हेअर पाहीपर्यंत सामान आहे त्या स्थितीत ठेवावे."

सर्व्हेअर आला ते ताबा मिळायच्या आदल्या दिवशी.

गादी आणि जहाज

गादीवर काळी बुरशी होती. सर्व्हेअरने आपल्या अहवालात लिहिलं : कपाट आणि पुस्तकं मान्य, गादी अमान्य, कारण बुरशी वगळलेली आहे.

विम्यात यावर जुना विचार आहे. १९१५ साली एका ब्रिटिश जहाजावर पाणतीर (टॉर्पेडो) आदळला. जहाज बुडालं नाही, त्याला ओढून फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात आणलं. तिथे वादळ उठलं, जहाज बाहेरच्या धक्क्याला हलवावं लागलं, ओहोटीला तळ टेकत राहिला आणि काही दिवसांनी ते मोडून बुडालं. पॉलिसीत समुद्राचे धोके होते, युद्धाचे वगळलेले होते. मग जहाज बुडवलं कोणी, समुद्राने की पाणतीराने? १९१८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, सांगितलं, पाणतीराने. वेळेने शेवटचं कारण बघायचं नाही, परिणाम घडवणारं खरं कारण बघायचं. जहाजवाले हरले.

गादीचं तेच होतं, फक्त बाजू उलटी. बुरशी शेवटी दिसली, पण गादीला ओल लागली ती वाहतुकीत, पहिल्या रात्री, आणि ती पॉलिसीत धरलेली होती. गोदामाच्या दमट हवेने बुरशी आली असती तर शेजारच्या दोन गाद्यांवरही आली असती. त्या कोरड्या होत्या. आम्ही उत्तरासोबत तीन कागद जोडले : शुक्रवारी ७:२५ चा ईमेल, म्हणजे ट्रक रात्री कुठे उभा होता ते कंपनीला आधीच माहीत होतं, शनिवारची पावती, आणि "आहे त्या स्थितीत ठेवावे" हे कंपनीचं स्वतःचंच पत्र. गादी वाळवली नाही असा ठपका तिच्यावर ठेवायची सोय त्या पत्राने राहिली नव्हती. दहा दिवसांत गादी मान्य झाली.

अहवाल निघण्याआधी सामान नेणाऱ्या कंपनीचा माणूस घरी येऊन गेला होता. थोडी रोख रक्कम देऊ केली आणि एक कागद : "आमची कोणतीही तक्रार उरलेली नाही." नवऱ्याला वाटलं, मिळतंय तर घेऊन टाकू, विम्याचं वेगळं मिळेलच. तिने त्याला थांबवलं आणि मला फोन केला. विमा कंपनी पैसे देते तेव्हा नुकसान करणाऱ्याकडून ते वसूल करण्याचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. त्या कागदावर सही म्हणजे तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिला, आणि मग विमा कंपनी तुमचेच पैसे अडवू शकते. ३३० पौंडांच्या खटल्यामागे हेच तत्त्व होतं, एका नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. कागद न घेता तो माणूस परत गेला.

हिशेब

कपाट, ४० पुस्तकं आणि गादी मिळून नुकसान ६. सामानाची खरी किंमत १००, विमा ८० चा. पॉलिसीत सरासरीचं कलम होतं : जेवढा हिस्सा उतरवला तेवढाच हिस्सा मिळणार. ६ चे ८० टक्के म्हणजे ४.८. त्यातून स्वतः सोसायची ठरलेली रक्कम ०.५ वजा. हातात ४.३.

लोकांना वाटतं की ८० चा विमा आहे आणि नुकसान ६ च आहे, तर पूर्ण ६ मिळायला हवेत. तिच्या नवऱ्यालाही तसंच वाटलं आणि तो माझ्यावर थोडा चिडलाही. चिडायला जागा होती. पहिल्या ४५ वर पॉलिसी काढली असती तर हातात २.२ आले असते, हे मी त्याला सांगितलं नाही. तिने सांगितलं.

दुसऱ्या फेरीत, गोदामातून नव्या घरी येताना, काचेच्या ग्लासांचा एक खोका आतल्या आत फुटला. तो त्यांनी स्वतः भरलेला होता, एका रात्री, दमून, वर्तमानपत्र संपल्यावर. बाहेरून खोक्याला ओरखडाही नव्हता. त्याचं काही मिळालं नाही, मागितलंही नाही. शिलाई मशीन दिराच्या मांडीवर बसून गाडीतून आलं.

शेवटचा प्रश्न कपाटाचा होता. कंपनी पूर्ण किंमत देते तेव्हा उरलेली वस्तू तिची होते. तिला हवी तर ती घेऊन जाते, नाहीतर मोडीची किंमत कापून तुम्हाला ठेवू देते. मैत्रिणीने कपाट ठेवलं, मोडीची किंमत वजा करून घेतली. मागची फळी नवी बसवली. पुस्तकं पुन्हा लागली आहेत, फळीला ३५ पेक्षा थोडी कमी. उजवं दार मात्र पूर्ण लागत नाही, त्याच्या फटीत तिने एक जाड पुठ्ठा घडी करून कोंबला आहे. खोका क्रमांक १७ चा तळ.